मागची बाजू

"अण्णा, जमीन लई खाली गेली की!"

बुद्धघोष एकदम ओरडला आणि त्यानं मान आखडून घेतली. मच्छिंद्रनं हातातला तांब्या होता तिथंच टेकवला आणि धावत येऊन खाटेची पाटी धरली. पोरगा खाटेवरच होता. पाठीशी दोन उशा, छातीपर्यंत ओढलेली चादर, दोन्ही हात सकाळी पोटावर ठेवले होते तसेच. फक्त डोळ्यांवर ते काळं यंत्र पट्ट्यानं आवळलं होतं आणि त्यात त्याचा अर्धा चेहरा बुडाला होता.

"घाबरू नका दादा," शेजारी उभी असलेली फरहाना म्हणाली. "तुम्ही एका अंगणात उभे आहात. उभ्या माणसाला जमीन जेवढी लांब दिसते, तेवढीच दिसतेय."

"व्हय का." मग हळूच म्हणाला, "इसरलोच होतो. माणूस उभा राहिला की एवढा उंच असतो, हे इसरलोच होतो म्या."

मच्छिंद्रनं पाटीवरचा हात काढला नाही. पाच वर्षं झाली होती पोराला उभं राहून. कंत्राटदाराकडं तारा ओढायच्या कामावर होता तो, खांबावर खारीसारखा चढायचा. एका दुपारी लाइन बंद आहे म्हणून सांगितलं होतं, ती कुणीतरी चालू केली. वरून पडला तो मानेवर. सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा तोंड चालत होतं, मान फिरत होती. खालचं सगळं अंग जागच्या जागी होतं, पण त्याचं राहिलं नव्हतं.

मच्छिंद्र जळकोट ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. जन्मभर गल्ल्यागल्ल्यांचे व्हॉल्व्ह उघडायचे नि बंद करायचे, आणि "नाना, आमच्याकडं पाणी कवा?" एवढंच लोकांचं ऐकायचं. त्यालाही सवय झाली होती. गावात त्याला सगळे ओळखायचे, पण पाण्याशिवाय दुसरं त्याच्याशी कुणी काही बोललेलं नव्हतं. बायको अपघाताच्या आधीच गेली. ते बरंच झालं, असं तो कधीकधी म्हणायचा, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावायचा.

घोषची बायको श्रीदेवी. तिनं दोन वर्षं सगळं केलं. हगणंमुतणं, अंग पुसणं, जखम होऊ नये म्हणून दर थोड्या वेळानं कूस बदलणं. वय पंचविशीचं, पदरात गौरी ही लहान लेक. एके दिवशी ती न्हाणीत चादर आपटत होती. आपटता आपटता थांबली आणि पिळलेली चादर हातात धरून नुसतीच बसून राहिली. मच्छिंद्रनं ते बघितलं. संध्याकाळी त्यानंच तिला सांगितलं, "पोरी, गौरीला घेऊन तू म्हायरी माकणीला जा. माज्यानं हुतंय तवर म्या करतो." ती खूप रडली आणि गेली. आधी दर आठवड्याला यायची, मग सणावाराला, मग तेही बंद झालं. गेल्या उन्हाळ्यात तिचा बाप दगडोबा आला. मच्छिंद्रला त्यानं एसटी स्टँडवरच गाठलं, घरी आला नाही. श्रीदेवीचं दुसरं लग्न लावतोय, चार माणसांत, असं खाली बघून म्हणाला. मच्छिंद्र म्हणाला, "करा. पोरगी तरणी हाय. एवढंच बघा, घोषच्या कानावर जाऊ देऊ नका."

तेव्हापासून घोषनं विचारलं की तो सांगायचा, "कामाला जाती ती. सुट्टी गावत न्हाय." घोष पुढं विचारायचा नाही.

फरहाना धाराशिवची. तुळजापूरच्या एका कॉलेजात तासावर शिकवायची आणि पीएचडी करत होती. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या डोळ्यांना हे यंत्र लावलं तर त्यांना काय वाटतं, हा तिचा विषय. पहिल्यांदा आली तेव्हा मच्छिंद्रनं सरळ विचारलं होतं, "बरा हुईल का त्येनं?"

"नाही, नाना. बरं नाही होणार. मला यंत्राचाही अभ्यास करायचा नाही. ते लावल्यावर माणसाला आतून काय होतं, ते त्याच्याच तोंडून ऐकायचंय."

तिनं खोटी आशा दाखवली नाही, म्हणून मच्छिंद्रनं तिला घरात घेतलं. घोष मात्र पहिल्या दिवशी तिरकाच बोलला होता, "खेळणं दाखवाया आलाव का लुळ्याला?" तीच पोरगी आता यायची असली की तो सकाळपासून दाढी करून मागायचा.

ती दर पंधरवड्याला यायची. तिनं समुद्र दाखवला. तो घोषला आवडला नाही. "नुसतं पाणीच हाय. आमच्या अण्णाला दावा," असं म्हणाला आणि स्वतःच हसला. जंगलही नको म्हणाला. त्याला माणसं असलेली जागा लागायची. कुठल्या कुठल्या परक्या गावातला बाजार, रस्ता, शाळा सुटतानाची गर्दी. त्याच्यासाठी फरहानानं एक सोय करून घेतली होती. धडधाकट माणूस पूर्ण वळून मागं बघतो. घोषला ते जमणारं नव्हतं. म्हणून त्यानं मान थोडी जरी कलती केली तरी चित्र पूर्ण फिरायचं. ही सोय तिला स्वतःलाच सुचली होती, आणि तिचा तिला थोडा अभिमानही होता. मच्छिंद्रला हे काही ठाऊक नव्हतं. "नाना, तुम्ही पण बघा की एकदा," असं ती म्हणायची, तेव्हा तो, "मला चक्कर येती, बाई," म्हणून चहाचं बघायला जायचा. त्याच्या लेखी तो एक टीव्ही होता, डोळ्यांना बांधायचा.

मग एकदा घोष म्हणाला, "आपलं गाव न्हाय का दाखवता येत?"

फरहाना पुढच्या वेळी गोल डोळ्याचा छोटा कॅमेरा घेऊन आली आणि मच्छिंद्र पाणी सोडायला गेला तेवढ्यात एकटीच गावात फिरून आली. घोषच्या उंचीइतक्या काठीवर कॅमेरा लावून. कुणासाठी चाललंय ते लोकांना कळलं, आणि पाच वर्षांत जे उंबरा चढले नव्हते, ते काठीपुढं येऊन बोलायला लागले. "काय घोष, जयभीम! बरं हाय नव्हं?" "अरे, तू लावलेली तार अजून हाय बग आमच्या दारात." घोष ते बघताना मोठमोठ्यानं उत्तरं देत होता. "हाय हाय, बराय! तुमचं कसं चाललंय?" यंत्रातली माणसं पुढं जात होती आणि हा त्यांच्या मागं बोलत राहत होता. मच्छिंद्र चुलीपाशी बसून ऐकत होता. त्या दिवशी घोष दोन भाकरी जेवला.

जेवण झाल्यावर त्यानं विचारलं, "मॅडम, माकणीला जाता येईल का? माझी पोरगी हाय तिथं. गौरी. तीन वर्साची होती गेली तवा."

फरहानानं मच्छिंद्रकडं बघितलं. मच्छिंद्र ताट उचलून मोरीकडं गेला.

"पीएचडीच्या माझ्या सरांना विचारावं लागेल," ती म्हणाली. "आणि मुलीच्या आईनं हो म्हटलं पाहिजे."

सर हो म्हणाले. पण ही तिची शेवटचीच फेरी, असंही म्हणाले. यंत्र विद्यापीठाचं होतं आणि पुढं दुसऱ्या विद्यार्थ्याला द्यायचं होतं. श्रीदेवीला मच्छिंद्रनं फोन केला. ती पलीकडून म्हणाली, "या. त्येंना बघू द्या पोरीला."

उमरग्याला एसटी बदलून दोघं माकणीला निघाले. मच्छिंद्र खिडकीशी बसला होता. लोहारा मागं पडल्यावर तो म्हणाला, "तिथं एक गडी असंल. श्रीदेवीचा भाऊ हाय त्यो, व्यंकट." फरहानानं मान हलवली. तिला शंका घ्यायचं कारण नव्हतं.

तो गडी कृष्णराज होता, श्रीदेवीचा नवरा. तो माकणीचाच, त्याचा टेम्पो होता. माणूस सरळ निघाला. त्यानं स्वतः उठून मच्छिंद्रला खुर्ची दिली, पाणी दिलं. श्रीदेवी दारात आली आणि मच्छिंद्रनं नजर खाली घातली. तिला सातवा महिना असावा.

"बरं हायत का त्ये?" तिनं विचारलं.

"हाय तसाच." ती आत वळली; फरहाना तोवर अंगणाबाहेरच बॅग उघडत होती, तिला ती दिसलीच नाही.

गौरी सहा वर्षांची, तेल लावून चप्प दोन वेण्या घातलेली. हा म्हातारा कोण, हे तिला आठवत नव्हतं. फरहानानं अंगणाच्या मधोमध, कडुनिंबाखाली काठी रोवली, वर कॅमेरा बसवला आणि म्हणाली, "मी त्या भिंतीआड थांबते, नाना. मी समोर असले तर पोरगी बुजेल. तिला खेळू द्या."

पण गौरी एकटी खेळेना. सारखी आत पळायची, आईला शोधायची. तेव्हा मच्छिंद्रनं डोकं चालवलं. त्यानं श्रीदेवीला आणि कृष्णराजला दारात उभं केलं, काठीच्या मागच्या बाजूला. स्वतःही त्यांच्यापाशी उभा राहिला. कॅमेऱ्यात जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात म्हणाला, "तुमी हितंच ऱ्हावा. म्हंजे पोरगी तुमाला बघून खेळंल, आन तुमी काय दिसणार न्हाय." कॅमेऱ्याला त्यांच्या बाजूलाही एक काचेचा मणी होता. मच्छिंद्रला ते बटण वाटलं.

गौरी खेळली. झकास खेळली. दोरीवरच्या उड्या मारल्या, शाळेतली कविता म्हटली, मांजराचं पिल्लू उचलून आणून दाखवलं. मधेच तिचा पाय दोरीत अडकला नि ती गुडघ्यावर पडली. कृष्णराज एकदम पुढं धावणार होता. कॅमेऱ्यात आवाजही भरतोय हे मच्छिंद्रला ठाऊक होतं, बोलता येत नव्हतं. म्हणून त्यानं त्याच्यापुढं जाऊन हात जोडले. कमरेत वाकून, कितीतरी वेळ, तो मागं सरकेपर्यंत. गौरी आपली आपण उठली आणि हसली.

परतीच्या एसटीत मच्छिंद्रचा जीव भांड्यात पडला होता. आपण पोराला लेक दाखवली आणि जे दाखवायचं नाही ते दाखवलं नाही, असं त्याला वाटत होतं. जन्मात पहिल्यांदाच त्यानं काहीतरी हुशारीनं केलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात फरहाना आली. चित्र आधी घोषनंच बघावं म्हणून तिनं स्वतः ते उघडून बघितलं नव्हतं. घोषनं नवा सदरा घालून घेतला होता. तिनं यंत्र लावलं, पट्टा आवळला, बोलणं टिपणारं छोटं यंत्र उशीशी ठेवलं. मच्छिंद्र पायथ्याशी बसला.

"आली," घोष म्हणाला. "आली की... अगं आई, केवढी झाली! श्रीदेवीसारखी नाकेली हाय, अण्णा." तो बोलतच राहिला. "दोरीवर उड्या मारायली. चपळ हाय. कविता म्हणायली बगा." मग, "मांजर दावायली मला. माज्याकडं बगून हसायली." त्याचा आवाज भिजला होता. मच्छिंद्रनं डोळे पुसले.

मग तो थांबला.

"माज्याकडं... न्हाय बगत ती." जरा वेळानं म्हणाला, "माज्याकडंच तोंड हाय तिचं. पण बगती ती दुसरीकडं. माज्या मागं."

आणि त्याची मान उशीवर हळूहळू डावीकडं कलायला लागली.

"तिकडं काय बगतोस?" मच्छिंद्र म्हणाला. "पोरगी म्होरं हाय की."

"मागं बगतोय, अण्णा."

"मागं काय हाय?"

फरहाना सहज म्हणाली, "मागचंही दिसतं, नाना. सगळ्या बाजूंचं येतं ह्यात."

मच्छिंद्रला एकदम काही कळलं नाही. मग त्याला तो काचेचा मणी आठवला. तो उठून उभा राहिला, पण उठून काय करायचं ते त्याला सुचेना. घोषची मान तशीच कलती होती. समोरची पोरगी त्यानं पुन्हा बघितली नाही. यंत्रातून गौरीच्या कवितेचा बारीक आवाज येत होता, मग पडल्याचा, मग हसण्याचा. फरहानाचा हात यंत्राकडं गेला, तसा तो म्हणाला, "थांबवू नका, मॅडम. सगळं बगू द्या."

संपल्यावर तिनं यंत्र काढलं. त्याच्या गालांवर पट्ट्याचे वळ उठले होते. डोळे कोरडे होते.

"त्यो गडी कोण?"

फरहाना मच्छिंद्रकडं बघत म्हणाली, "श्रीदेवीताईंचे भाऊ ना?"

"व्यंकटला वळखतो म्या."

बाहेर हायवेवरून ट्रकांची रांग गेली, ती जाईपर्यंत बोलायची सोयही नव्हती.

"कवा झालं, अण्णा?"

"गेल्या उन्हाळ्यात."

"बरं झालं." तो छताकडं बघत होता. "चांगला दिसतो माणूस. पोरगी पडली तवा धावला. आन श्रीदेवीला कितवा हाय?"

"सातवा असंल."

"हां." मग त्यानं मान वळवून बापाकडं बघितलं. "तुमी त्येला हात कशापायी जोडलाव?"

मच्छिंद्रला उत्तर देता आलं असतं. तो पुढं येऊन दिसला असता, म्हणून. पण आता त्याला काही अर्थ नव्हता. त्यानं घोषच्या अंगावरची चादर नीट केली.

फरहाना उशीजवळचं छोटं यंत्र बंद करायला वाकली.

"चालू ऱ्हाऊ द्या," घोष म्हणाला. "दर खेपेला इचारता न्हवं का, काय वाटलं म्हणून? आज का इचारना?"

ती पुन्हा सरळ झाली. "काय... काय वाटलं, दादा?"

"आजपतुर वाटायचं, खाटंवर पडलोय म्हणून म्या कुणाला दिसत न्हाय. आज चांगला उभा होतो. अंगणाच्या मधोमध. हिकडं पोरगी, तिकडं तिची आई, त्यो आन अण्णा. सगळे माज्यातनं एकमेकाकडं बगत होते." त्यानं मान उशीजवळच्या यंत्राकडं वळवली. "लिहा. तुमच्या कामाचं हाय."

बाहेर ओट्यावर फरहाना चपला घालताना रडत होती. "नाना, तुम्ही मला भाऊ का सांगितलंत? मला कळलं असतं तर मी..."

"तर तुमी दावलं नसतं. आन त्येला पोरगी बगायची होती."

"मी ते पुसून टाकते."

"पुसा न्हायतर ठिवा. त्येनं तर बगितलं." तो खाली उतरून तिची जड बॅग घेऊन स्टँडपर्यंत गेला. तुळजापूरची एसटी येईपर्यंत दोघं एकाच बाकावर बसले होते. ती चढली आणि त्यानं बॅग खिडकीतून आत दिली.

त्यानंतर तिचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा तिनं घोषबद्दल विचारलं, मच्छिंद्र म्हणाला, "हाय." दुसऱ्यांदा म्हणाली, माझं लिहून होत आलंय, एकदा येऊन जाते. तो म्हणाला, "या की." ती आली नाही. श्रीदेवीला मुलगा झाल्याचं गावात कुणीतरी सांगितलं, तेही दारातूनच.

घोष भांडला नाही. रागावलाही नाही, रागावला असता तर मच्छिंद्रला बरं वाटलं असतं. दाढी करू का म्हटलं तर नको म्हणायचा. अर्ध्या भाकरीवर तोंड फिरवायचा. आणि एक नवीनच सुरू झालं. भिंतीकडं कूस केली की त्याचे डोळे उघडे असायचे. दाराकडं वळवला की तो ते मिटून घ्यायचा. दारात कुणी आलं, हाक मारली, तरी उघडायचा नाही. झोपलेला नसायचा, पापण्या हलत असायच्या.

"मला हिकडंच ऱ्हाऊ द्या, अण्णा," तो भिंतीकडं तोंड करून म्हणायचा. "वळवू नका."

"एका कुशीवर ठिवलं तर चिघळंल, लेकरा."

"चिघळू द्या."

मच्छिंद्र वळवायचाच. दोन्ही हात काखेत घालून, गुडघा खाटेला रोवून, दम खात. वळवलं की ते डोळे मिटायचे. पावसाळा सरता सरता कमरेवरची कातडी लाल झाली, मग फुटली. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई येऊन धुऊन गेल्या. जाताना त्यांनी मच्छिंद्रला बाजूला घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या दिवशी दुपारी पाणी सोडून तो घरी आला. घोष भिंतीकडं तोंड करून पडला होता, डोळे उघडे. कूस बदलायची वेळ झाली होती. मच्छिंद्र खाटेपाशी उभा राहिला. हात काखेत घालायला वाकला आणि तसाच सरळ झाला.

मग त्यानं खाटेचे पाय धरले आणि ती भिंतीपासून हातभर ओढली. म्हातारपणी एवढीशी खाटही त्याला जड गेली. मधे थांबून त्यानं श्वास घेतला. कोपऱ्यातलं पोतं आणून त्या फटीत अंथरलं. आधी एक पाय, मग दुसरा, असा अंग चोरत तो आत शिरला, आणि पाठ भिंतीला टेकवून, गुडघे छातीशी घेऊन खाली बसला. त्याचं तोंड घोषच्या तोंडासमोर आलं. एका वितीच्या अंतरावर.

घोषचे डोळे उघडेच होते. ते मच्छिंद्रवर होते की त्याच्या मागच्या भिंतीवर, हे सांगणं कठीण होतं. मच्छिंद्रनं काही विचारलं नाही. तो तिथंच बसून राहिला.